ळ संपला होता

विद्यापीठातनं एक पोरगी आली परवा,
पाठीवर सॅक, हातात पांढरे हातमोजे.
म्हणाली, काका, 'चिपाड'चे अंक तुमच्याकडं आहेत म्हणे.
मी म्हटलं, हातमोजे कशाला?
म्हणाली, घामानं कागद खराब होतो.
त्या कागदाला
काय काय लागलंय, बाई, तुला काय सांगू.

एकाहत्तर साल. गंगावेशीत आमचा ट्रेडल,
पायानं मारायचा.
दिवसा अडत्यांची पावतीबुकं, लग्नपत्रिका,
कुस्ती मैदानाची पिवळी हँडबिलं,
आणि रात्री दहानंतर हे तिघं.
भूपाल उपाध्ये, बापाचं भांड्यांचं दुकान.
सिकंदर मुजावर, सिनेमाचे बोर्ड रंगवायचा,
नट्यांचे ओठ काढून काढून विटलेला.
आणि इंदुमती सरनोबत. चहाचे पैसे ती द्यायची
आणि सगळ्यात घाण शिव्या तीच लिहायची.

कलापूर म्हणवणाऱ्या गावाच्या
फेट्यात हात घालून खाजवायचं, एवढंच धोरण.
पहिल्या अंकात: चित्र काढणाऱ्यानं
आधी स्वतःची भिंत पाडावी.
दुसऱ्यात गावातल्या बावीस नामांकित चित्रांची यादी,
पुढं भाव, किलोवर.
तिसरा अंक कोरा. नुसते पानांचे आकडे.
तरी मी प्रूफ तीनदा तपासलं.
सवय.

शेवटच्या पानावर दर वेळी एकच ओळ:
वाचून झाल्यावर चुलवाणात घालावा.

चौथ्याला गुऱ्हाळं पेटलेली.
खणात हात घातला तर ळ नाही.
सगळे अडत्यांच्या फर्म्यात अडकलेले,
गूळ गूळ गूळ, सुतळीनं आवळून.
म्हटलं, चार दिवस थांबता का?
भूपाल म्हणाला, आम्ही थांबणारी माणसं वाटतो का?
मग मी ल लावला.
रंकाला. कावला. शाला.
आमच्या डोल्यांत धूल घाला.
सिकंदर हसता हसता
कागदाच्या रिमावरनं खाली पडला.
इंदुमतीनं ते मोठ्यानं वाचलं, दोनदा.
तिचा आवाज बोबड्या पोरासारखा झाला,
ताप भरलेल्या पोरासारखा,
आणि मग कुणी हसलं नाही.

पोरीनं प्रबंध उघडून दाखवला.
'ळ'वरचा बहिष्कार: प्रमाणभाषेविरुद्धचं जाणीवपूर्वक पाऊल.
पान एकशे बारा. सहा तळटिपा.
वाचलं. चष्मा पुसला. परत वाचलं.
सांगावं की नको?
सांगितलं. गुळाचं सगळं सांगितलं.
तिचं पेन थांबलं. मग म्हणाली,
त्यातलं एखादं पावतीबुक आहे का शिल्लक?

नाही, बाई.
पावत्यांवर कुणी लिहिलं नव्हतं, जाळा म्हणून.
त्या सगळ्या गेल्या.

आणि हे का ठेवलंत? तिनं विचारलं.
म्हटलं, ऑफिस कॉपी.
छापलेल्याची एक प्रत ठेवायची असते, वडील सांगायचे,
पत्रिका असो, हँडबिल असो, नाहीतर असलं काही.
तिला हे उत्तर फार आवडलं नसावं.
पाचही अंक नेले, प्लास्टिकच्या पिशवीत घालून,
एकेक वेगळा, औषधाच्या पुडीसारखा.

वहीचं मी बोललो नाही.

सहावा अंक म्हणून इंदुमती देऊन गेली होती,
बेळगावला जायच्या आदल्या रात्री.
शाळेची दोनशे पानी, निळी शाई.
म्हणाली, ळ आले की लावा.
ळ आले. हंगाम सरला, फर्मे सुटले.
ती आली नाही. पुढं ऑफसेट आलं
आणि सगळे खिळे उद्यमनगरात
वजनावर गेले, भट्टीत.

वही फळीवर आहे, शाईच्या डब्यामागं.
शेवटचं पान तेवढं मी पाहिलंय.
तीच ओळ, तिच्या अक्षरात.
चुलवाणातल्या ळ चं शेपूट
समासाबाहेर गेलंय.
नाही, चुलवाणात ळ नसतो.
तिनं लिहिलाय.
चुळवाण.

चूक असेल. मुद्दाम असेल.
खिळे जुळवणाऱ्यानं वाचायचं नसतं,
अक्षर बघायचं, अक्षर लावायचं.
पन्नास वर्षं झाली, मी ती वाचलेली नाही.
म्हणजे जाळायची वेळ
अजून आलेली नाही.